धोमच्या पिंजऱ्यांवर एक पहाट

साताऱ्याहून चारला निघालो, वाईवरून धोमला पोचलो तेव्हा अजून अंधारच होता. धरणात मामांचे मासे वाढवायचे पिंजरे आहेत, म्हणजे पाण्यात सोडलेली जाळ्याची खोकी. त्यांनी मुद्दाम ही वेळ दिली होती. रात्रभर मासे आणि शेवाळ दोन्ही प्राणवायू वापरतात, त्यामुळे उजाडताना पाण्यात तो सगळ्यात कमी उरतो. त्यातच जाळ्याचे आस, म्हणजे भोकं, बुजलेले असले, तर बाहेरचं ताजं पाणी आत येत नाही. पिंजरे बघायला जाणार असाल तर पहाटेच जा. दुपारी सगळं छानच दिसतं.

होडी पिंजऱ्याला लागली तशी मी माशांकडे वाकलो. मामा म्हणाले, "मासे नंतर बघ रे. आधी कोपरा उचल."

दोन्ही हातांनी ओढलं तरी जाळं हलेना. वीतभर वर आलं, त्यावर तपकिरी, बुळबुळीत थर. त्यात बारक्या गोगलगायी आणि मुठीएवढा जेलीसारखा गोळा. तो ब्रायोझोआ, म्हणजे अगदी बारक्या जीवांची वसाहत. नखानं खरवडलं तेव्हा कुठे आस मोकळा झाला. मागच्या उन्हाळ्यात जाळं बदलायला आठवडा उशीर झाला आणि एका सकाळी पंगस जातीचे मासे पोट वर करून तरंगत होते. हे सांगताना मामांचा आवाज खाली गेला.

आता ते प्रत्येक पिंजऱ्यामागे एक जाळं जास्तीचं ठेवतात. जाळं बदलायच्या आदल्या दिवशी खाद्य बंद, काम सकाळच्या गारव्यात. घाणेरडं जाळं पाण्यातच घासायचं नाही, कारण सुटलेला चोथा शेजारच्या पिंजऱ्यावर जाऊन बसतो. काठावर आणून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायचं, झटकायचं, ब्रशनं घासायचं. महिनाभर मात्र उन्हात टाकू नका, नायलॉन कमजोर होतं. पंगसबरोबर थोडे रोहू सोडले की ते जाळ्यावरचं शेवाळ खरवडून खातात. मला हा उपाय सगळ्यात आवडला.

समुद्रातल्या पिंजऱ्यांच्या जाळ्यांना असले जीव चिकटू नयेत म्हणून तांब्याचा रंग देतात. तो इथे नकोच. धरणाचं पाणी माणसं पितात आणि तांबं माशांनाही बाधतं. समुद्रातल्या कालवांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, शेतीत तर रंगाचा प्रश्नच येत नाही. तिथे कालवं वर काढून हवेत सुकवतात किंवा गोड्या पाण्यात बुडवतात. कालव शिंपला मिटून तग धरतं, वर चिकटलेले मऊ जीव मरतात.

जाताना लाईफ जॅकेट घ्या, सकाळी धुकं असतं. दुसऱ्या धरणावर वापरलेलं जाळं, बूट, बादली ओली आणू नका. तिथल्या गोगलगायी इथे येतील. माझे बूट मामांनी होडीत चढण्याआधी उलटे करून आतून हात फिरवून पाहिले होते.