छाटणीपासून रॉटरडॅमपर्यंत

फेब्रुवारी 2024 मधली गोष्ट. एमबीएचं दुसरं सेमिस्टर, पुण्यातलं कॉलेज, सकाळचं ग्लोबल सप्लाय चेनचं लेक्चर. सरांनी पडद्यावर नकाशा लावला होता. न्हावा शेवा बंदराहून निघालेली एक रेघ तांबड्या समुद्रातून सुएझ कालव्यात शिरत होती, दुसरी अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचत होती. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ जहाज पळवलं, डिसेंबरपासून मोठमोठ्या शिपिंग लाइन्सनी तो रस्ता सोडला आणि युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला, असं सर सांगत होते. वर्ग लिहून घेत होता. मी नुसती नकाशाकडे बघत बसले होते. त्या लांबच्या रेघेवर कुठेतरी आमची द्राक्षं होती.

आमची बाग निफाड तालुक्यात, पावणेतीन एकर, थॉमसन जातीच्या द्राक्षांची. माल आठ दिवसांपूर्वीच गेला होता. तोडणीला मी घरी होते, त्यामुळे तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. घड देठाला धरूनच कापायचा, मण्यांना बोट लागू द्यायचं नाही, नाहीतर त्यांच्यावरची पांढरट झाक पुसली जाते आणि युरोपचं गिऱ्हाईक ते शिळं समजतं. क्रेट सावलीत ठेवायचे, ऊन चढायच्या आत गाडी पॅकहाऊसला पोचवायची. तिथे ओळीने बसलेल्या बायका बारीक कात्रीने खराब मणी काढतात, अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, घड बसवतात, वर सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड ठेवून पेटी बंद करतात. मग कूलिंग. मण्याच्या गरापर्यंत थंडी गेली पाहिजे, त्याला काही तास लागतातच. रीफर कंटेनर माल थंड करत नाही, थंड केलेला माल थंड ठेवतो. ही गोष्ट मला वर्गाच्या आधी पॅकहाऊसच्या दारात कळली होती. गरम माल भरला तर उणे अर्ध्या अंशावर लावलेलं मशीनही काही करू शकत नाही.

अशा चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 13 टन द्राक्षं बसतात. आमचा माल आणि शेजारच्या दोन बागांचा मिळून एक कंटेनर झाला होता.

सप्लाय चेन शिकायला मी आले ती अशाच कंटेनरांमुळे. लहानपणापासून बघत आले होते की बागेत जे काही होतं त्याचा निकाल खूप लांब कुठेतरी लागतो आणि आम्हाला तो फोनवर कळतो. 2010 साली मी नऊ वर्षांची होते. त्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले. आमच्याकडे त्याला सीसीसी म्हणतात. एप्रिल छाटणीनंतर काडीची वाढ आवरायला, घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून ते मारत. तिकडची मर्यादा तेव्हा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम होती. म्हणजे उन्हाळ्यात मारलेल्या औषधाचा हिशोब पुढच्या वर्षी, समुद्रापलीकडे, दुसऱ्याच कुणाच्या प्रयोगशाळेत झाला. घरात त्या दिवसांत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, एवढं मला आठवतं. ट्रेसेबिलिटी, म्हणजे मालाचा माग काढणं, या विषयावरचं प्रकरण वाचताना पुस्तकात सॅलड आणि मांसाची उदाहरणं होती. मला मात्र ओट्यावर बसून औषधांची वही पुन्हा पुन्हा चाळणारे पप्पा दिसत होते.

ती वही आजही आहे. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं ग्रेपनेट 2006 पासून आहे, प्रत्येक निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी होते, माल जायच्या आधी रेसिड्यूच्या, म्हणजे औषधाच्या अंशांच्या, तपासणीला नमुना जातो, पेटीवरच्या आकड्यावरून बाग शोधता येते. रॉटरडॅमच्या गोदामातली पेटी निफाडच्या गट नंबरपर्यंत मागे आणता येते. माग काढायची सोय अशी चोख आहे. पण पेटीमागे माणूस जसा सापडतो, तसे पेटीमागचे पैसेही त्याला दिसायला हवेत. ते दिसत नाहीत.

बिअर गेमबद्दल सांगायलाच हवं. अमेरिकेतल्या एमआयटीत साठच्या दशकाच्या आसपास तयार झालेला हा खेळ बहुतेक सगळ्या बिझनेस कॉलेजांत खेळवतात. दुकानदार, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना असे चार जण, कुणी कुणाशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरच्या चिठ्ठ्या पुढे सरकवायच्या. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच थोडी वाढते आणि तिथेच थांबते. तरी मागे मागे जाताना ती फुगत जाते आणि शेवटी कारखान्याच्या दारात मालाचे ढीग लागतात. मी कारखाना होते. विसाव्या आठवड्याला माझ्यापुढे न खपलेल्या मालाची मोठी रांग होती. खेळ संपल्यावर सरांनी विचारलं, काय वाटलं? मी म्हटलं, सर, माझ्याकडे निदान ढीग ठेवायला जागा तरी होती. द्राक्षाचा ढीग ठेवता येत नाही.

आमच्याकडे ऑर्डर कागदावर येत नाही, ती कात्रीने द्यावी लागते. ऑक्टोबर छाटणीची तारीख धरली की माल कधी येणार हे जवळपास ठरून जातं, साधारण चार-साडेचार महिने. छाटणी लवकर घेतली तर फुलोऱ्यात पाऊस गाठतो. उशिरा घेतली तर युरोपच्या बाजारात सगळ्यांचाच माल एकदम पोचतो. मधे भाव पडला म्हणून घड परत काडीत घालता येत नाही. लीड टाइम, म्हणजे ऑर्डरपासून माल हातात येईपर्यंतचा वेळ, कमी करा, असं प्रत्येक केस स्टडी सांगते. आमचा लीड टाइम वेलीचा आहे.

आता त्या कंटेनरचं. एप्रिलमध्ये निर्यातदाराचा निरोप आला, तिकडच्या खरेदीदाराचा क्लेम, म्हणजे नुकसानीचा दावा, आलाय. देठ वाळलेत, थोडी मणीगळ आहे, किलोमागे 11 रुपये कमी मिळतील. पप्पा ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. मी त्या दिवशी घरी होते. विचारलं, क्लेमचा कागद कुठे आहे?

पप्पा म्हणाले, “ताई, कागद कधी असतो का?”

सौद्याच्या पावतीवर वजन होतं, दर होता, तारीख होती. माल आमच्याकडून निघाल्यावर काही झालं तर ते कुणाचं, याबद्दल एक शब्द नव्हता. मी नेमकी त्याच महिन्यात इनकोटर्म्स शिकत होते. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने ठरवलेले व्यापाराचे नियम, पहिल्यांदा 1936 साली निघालेले, आता 2020 ची आवृत्ती चालते. परीक्षेत हमखास विचारतात तो भाग असा की सीआयएफ (कॉस्ट, इन्शुरन्स, फ्रेट) या अटीत समोरच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा विकणाऱ्याने भरायचा असतो, पण जोखीम माल जहाजावर चढला की तिथेच खरेदीदाराकडे जाते. पैसे एक जण भरतो, नुकसान दुसऱ्याचं. वर्गात हे पुष्कळांच्या डोक्यात बसत नव्हतं. माझ्या लगेच बसलं.

जगभरच्या व्यापाऱ्यांनी नव्वद वर्षांपासून एवढं बारकाईने ठरवून ठेवलंय की जोखीम बंदराच्या कुठल्या टोकाला हात बदलते. आणि बागेपासून पॅकहाऊसपर्यंतच्या वीस किलोमीटरसाठी मात्र काहीच ठरलेलं नाही. म्हणून जहाजाने आफ्रिकेला वळसा घातला त्याची किंमत घरंगळत मागे आली, आणि ज्याच्यामागे आणखी कुणीच नाही त्या माणसावर येऊन थांबली. सरांच्या नकाशात या जागेला, साखळीच्या सुरुवातीच्या टोकाला, ‘अपस्ट्रीम’ लिहिलं होतं. तिथे माझी आई थिनिंगला, म्हणजे मण्यांच्या विरळणीला, सकाळी सहाला जाते.

मला राग आला होता आणि अजूनही येतो. निर्यातदार खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. देठ वाळलेच असणार, इतके दिवस जास्त लागले म्हटल्यावर. त्याला तिकडून पैसे कमी आले असतील हेही खरं असेल. पण तांबड्या समुद्रातली अडचण डिसेंबरमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. तोडणी फेब्रुवारीत झाली. त्या दोन महिन्यांत कुणीतरी पप्पांना म्हणायला हवं होतं की यंदा प्रवास लांबचा आहे, गोडी आणि देठ बघून चार दिवस आधी तोडू, किंवा हा प्लॉट जवळच्या बाजारात देऊ. ती माहिती साखळीत होती, फक्त आमच्यापर्यंत आली नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि पप्पांनी बसून एक साधा कागद तयार केला. मराठीत, तीन ओळींचा. पेटीत ठेवलेल्या, तापमान टिपणाऱ्या लॉगरची नोंद आम्हालाही मिळावी. क्लेम आला तर तिकडच्या सर्व्हेअरचा रिपोर्ट आणि फोटो दाखवावेत. जहाज पोचल्यापासून ठरावीक दिवसांनंतर क्लेम धरू नये. जानेवारीत निर्यातदाराचे फील्डमन सौद्याला आले तेव्हा पप्पांनीच कागद पुढे केला. मी शेजारी बसले होते, बोलले नाही. त्यांनी दोनदा वाचला, ऑफिसला फोन लावला, अंगणात फेऱ्या मारल्या. पहिल्या दोन ओळी मान्य झाल्या. तिसऱ्या ओळीवर काट मारली. पप्पांनी चहा घ्यायला सांगितला आणि सही केली.

यंदाही जहाज आफ्रिकेवरूनच गेलं. मार्चच्या अखेरीस लॉगरचा आलेख व्हॉट्सअ‍ॅपवर आला. पप्पांनी फोन आडवा धरला, बोटांनी मोठा करून डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवत पाहिला. रेघ शून्याच्या जरा खाली सरळ चालली होती. एका जागी छोटासा उंचवटा होता.

“हे काय झालं इथं?”

मी तारीख जुळवून बघितली. मधल्या बंदरात कंटेनर एका जहाजातून दुसऱ्यात गेला तो दिवस होता. तेवढा वेळ प्लग काढलेला असणार.

पप्पांनी औषधांची वही आणली, शेवटचं पान उघडलं आणि ती तारीख लिहून ठेवली.