लग्नकार्यात न चालणारा कॅमेरा

जाहिरातीच्या शेवटी एक ओळ होती : ‘साधे फोटो येणार नाहीत, विचार करूनच फोन करावा.’ जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात इतकं स्वच्छ बोलणारा माणूस विरळाच. तिथे एरवी ‘एकहाती वापर’, ‘अगदी नव्यासारखा’ आणि ‘तातडीने विकणे आहे’ या तीन आरत्यांवर सगळं भागतं. मी लगेच फोन केला.

वस्तू होती निकॉन डी-७०. २००४ सालचा, सहा मेगापिक्सेलचा, कॉम्पॅक्टफ्लॅश नावाचं जाडजूड कार्ड खाणारा. एरवी याला कुणी दारात उभं केलं नसतं. पण याचं पोट आधीच्या मालकाने उघडून घेतलं होतं. कॅमेऱ्यातला सिलिकॉनचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, मुळात आपल्यापेक्षा जास्त बघतो. प्रकाशाच्या लाटेची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. आपली नजर ७०० नॅनोमीटरच्या आसपास हात टेकते, सिलिकॉनची ११०० पर्यंत चालते. हे जादा बघणं फोटोतल्या रंगांची वाट लावतं, म्हणून कंपन्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा न दिसणारा प्रकाश, अडवणारी काच लावतात. या कॅमेऱ्यातली ती काच काढून बरोब्बर उलट्या स्वभावाची बसवली होती : ७२० नॅनोमीटरच्या अलीकडचं जवळपास काही आत घ्यायचं नाही, पलीकडचं सगळं घ्यायचं. म्हणजे जे आपल्याला दिसतं तेवढं सोडून बाकीचं. या शस्त्रक्रियेला पैसे बरेच पडतात आणि तिने वस्तूची किंमत मात्र उतरते, कारण गिऱ्हाईकच उरत नाही. माझ्यासारख्याला हे गणित फारच सोयीचं.

विकणारा तरुण मुलगा होता. “दादा, छान आहे हो, पण घरचे म्हणतात सगळे भुतासारखे दिसतात,” एवढं एकच कारण त्याने दिलं. मला ते पटलं. मी माझ्या तपासण्या सुरू केल्या. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, अगदी लहान करून कोऱ्या आकाशाचा फोटो काढला, कारण काच बदलताना धुळीचा कण आत अडकला असेल तर तो जन्मभर प्रत्येक आकाशात ठिपका होऊन बसतो. मोजपट्टी जमिनीवर तिरकी टाकून फोकस बघितला. इन्फ्रारेड किरण लेन्समधून थोडे वेगळ्या अंतरावर एकत्र येतात. जुन्या लेन्सवर त्यासाठी एक लाल खूण असायची, ती कशाची हे फार थोड्यांनी कधी विचारलं असेल. काही लेन्स तर अशा की साध्या फोटोत गुणी आणि इन्फ्रारेडमध्ये चित्राच्या मधोमध पांढुरका गोल डाग. शेवटी त्या मुलाने टीव्हीचा रिमोट माझ्याकडे रोखून बटण दाबलं. फोटोत रिमोटच्या टोकाला एरवी न दिसणारा इन्फ्रारेड दिवा लख्ख पेटलेला. सौदा झाला.

यातली गंमत अशी की डोळा लावून बघताना काहीच वेगळं दिसत नाही. डोळ्याला चित्र दाखवणारा आरसा पुढे, नवी काच त्याच्या मागे, सेन्सरपाशी. समोर हिरवं झाड ते हिरवंच. बटण दाबल्यावर पडद्यावर मात्र लालभडक काहीतरी उमटतं. मग गवताकडे कॅमेरा धरून ‘हे पांढरं समज’ असं त्याला शिकवायचं, की पानं बर्फासारखी होतात. हरितद्रव्य लाल प्रकाश खातं, पण त्याच्या पुढचा प्रकाश त्याला चालत नाही. तो पानातल्या पेशींच्या पोकळ्यांमध्ये इकडेतिकडे आपटून बाहेर येतो. आकाश उलट काळवंडतं, पाणी शाईसारखं होतं.

फोटोग्राफर मंडळी दुपारच्या उन्हाला नावं ठेवतात. या कॅमेऱ्याला तेच लागतं. त्यामुळे मी भर बाराला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर असतो, आणि पहाटे फिरणाऱ्यांची सगळी टेकडी माझी असते. ज्या गिरिपुष्प नावाच्या झाडाच्या लागवडीवरून टेकडीप्रेमी भांडतात, तिची इथे पांढरीशुभ्र वनराई होते. पाषाण तलावावरची जलपर्णी तर काळ्या पाण्यावर चांदणं पडल्यासारखी. प्रदूषण इतकं देखणं दिसावं हे बरं नव्हे, पण दिसतं. श्रावणातला सह्याद्री घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा मामांनी “काश्मीरला कधी गेलास?” असं विचारलं होतं.

झाडांच्या या उजळण्याला ‘वुड इफेक्ट’ म्हणतात. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१० साली असे फोटो प्रसिद्ध केले, त्यावरून. मला हा गृहस्थ आवडतो तो आणखी एका कारणासाठी. फ्रान्समध्ये ब्लाँडलो नावाच्या प्राध्यापकांनी ‘एन किरण’ शोधल्याचा गाजावाजा चालला होता. १९०४ मध्ये वुड त्यांच्या प्रयोगशाळेत गेला आणि अंधारात उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला. तरी प्राध्यापकांना किरण दिसतच राहिले! नसलेले किरण बघणाऱ्यांची फजिती करणाऱ्याने पुढे असलेल्या पण न दिसणाऱ्या किरणांचे फोटो काढावेत, हे फार छान जमलं आहे.

लोक विचारतात, यात अंगाची उष्णता दिसते का? नाही. ती दहा हजार नॅनोमीटरच्या घरातली, तिचा कॅमेरा वेगळा आणि महाग. माझा हा उपयोगाचा अजिबात नाही. उपयोगाचं काम वर चाललेलं असतं. १९८८ मध्ये सोडलेल्या आपल्या आयआरएस-१ए उपग्रहापासून पिकांची तब्येत याच पट्ट्यातून बघतात, कारण पान आजारी पडलं की त्याची ही चमक उतरते.

घरात मात्र कॅमेरावाल्याकडून एकच अपेक्षा असते. साखरपुडा, मुंज, बारसं : “तू आहेसच की, फोटोग्राफर कशाला?” वर्षानुवर्षं मी अक्षता हातात न घेता लग्नं काढली, आणि पंगतीला शेवटी बसून गार मठ्ठा प्यायलो. मावसबहिणीच्या हळदीला हा कॅमेरा घेऊन गेलो. पिवळा रंग निळा प्रकाश खाऊन बनतो, लाल रंग निळा आणि हिरवा. सातशेच्या पुढे दोघांचाही काही जोर नाही. त्यामुळे नवरी फोटोत न्हाऊन आल्यासारखी गोरीपान, हळदीचा मागमूस नाही. मावशीची काळी साडी पांढुरकी. आणि मावशीच्या कपाळावर, जिथे रुपयाएवढं ठसठशीत कुंकू होतं, तिथे नुसतं कपाळ.

मावशीने पडद्याकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं. काका जिलबी खात होते.

“हा कॅमेरा लग्नात आणायचा नाही,” मावशी म्हणाली. “आणि फोटोग्राफरला आजच फोन करा.”

लग्नात मी पहिल्या पंगतीला बसलो. मठ्ठा ताजा होता.