कोअर वाढवले, तरी डेटाबेस हळूच

मायएसक्यूएल ५.५ वरचा आमचा डेटाबेस ४ कोअरच्या जुन्या सर्व्हरवरून २ सॉकेट (प्रोसेसर चिपच्या जागा) आणि मिळून १६ कोअरच्या नव्या मशीनवर हलवला. लोड कमी असेपर्यंत सगळं सुरळीत होतं. गर्दी वाढली तशा साध्या साध्या क्वेऱ्या जुन्या मशीनपेक्षाही जास्त वेळ घ्यायला लागल्या. सीपीयू निम्माही वापरात नव्हता, आयओ वेट (डिस्कसाठी थांबण्याचा वेळ) जवळपास शून्य. म्हणजे थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) कुठेतरी एकमेकांसाठी ताटकळत होते.

मायएसक्यूएलमध्ये नेहमीच्या सेटिंगला प्रत्येक कनेक्शनचा एक थ्रेड असतो आणि सगळे थ्रेड एकाच प्रोसेसच्या मेमरीत काम करतात. सामायिक गोष्टीला हात लावायचा तर आधी तिचं म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप, मिळवावं लागतं. ४ कोअरवर एका वेळी फार तर ४ थ्रेड धावणार, त्यामुळे ही रांग लक्षातही येत नाही. १६ कोअरवर तीच रांग डोळ्यांत भरते.

मी 'शो प्रोसेसलिस्ट' ही चालू कनेक्शनची यादी दाखवणारी कमांड पुन्हा पुन्हा चालवत बसलो. ओळींमागून ओळी, आणि स्टेटच्या रकान्यात एकच वाक्य: 'वेटिंग फॉर क्वेरी कॅश लॉक'. क्वेरी कॅश म्हणजे आधीच्या क्वेऱ्यांच्या निकालांचा साठा, आणि त्याला अख्ख्या सर्व्हरमध्ये मिळून एकच लॉक. एखाद्या टेबलात एक ओळ जरी बदलली तरी त्या टेबलाचे साठवलेले सगळे निकाल बाद होतात, आणि तेवढा वेळ बाकीचे थ्रेड खोळंबतात. आमच्या टेबलांवर तर सतत लिहिणं चालू. नुसता कॅशचा आकार शून्य करून भागत नाही. कॅशचा टाइपही (तो चालू की बंद हे ठरवणारं सेटिंग) शून्य ठेवून सर्व्हर रीस्टार्ट केला तरच लॉक घेणं पूर्ण थांबतं. तसं केलं आणि फरक लगेच दिसला. पुढे ८.० मध्ये क्वेरी कॅश काढूनच टाकला, ते योग्यच झालं.

मग इनोडीबी या मायएसक्यूएलच्या डेटा साठवणाऱ्या इंजिनाची स्थिती दाखवणाऱ्या 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस'मधला सेमाफोरचा, म्हणजे कोणता थ्रेड कोणत्या लॉकसाठी थांबलाय त्याचा, भाग वाचायला घेतला. तिथे थांबलेल्या बहुतेक थ्रेडपुढे बफर पूलच्या (इनोडीबी डेटा मेमरीत ठेवतं ती जागा) सोर्स फाइलचं नाव येत होतं. ५.५ मध्ये बफर पूल मुळात एकसंध असतो, म्हणजे त्याचं म्युटेक्सही एकच. त्याचे ८ इन्स्टन्स (स्वतंत्र भाग) केले, तेव्हा ती गर्दी पांगली.

सगळ्यात जास्त छळलं ते स्वॅपने, म्हणजे मेमरीतला डेटा डिस्कवर हलवला जाण्याने. 'फ्री' कमांड भरपूर मेमरी शिल्लक दाखवत होती आणि तरी मशीन स्वॅप करत होतं! 'न्यूमाकंट्रोल' (numactl) कमांडने दोन्ही नोडची (एक सॉकेट आणि त्याची मेमरी म्हणजे एक नोड) मेमरी वेगवेगळी पाहिली तेव्हा उलगडा झाला: एक नोड काठोकाठ भरलेला, दुसऱ्यात ढीगभर जागा. अशा मशीनवर प्रत्येक सॉकेटची आपली मेमरी असते, आणि लिनक्स थ्रेड ज्या नोडवर चालतोय तिथलीच मेमरी आधी देतं. बफर पूल एवढा मोठा, की एक नोड त्यातच संपला. मायएसक्यूएल इंटरलीव्ह (मेमरी नोडवर आळीपाळीने वाटणाऱ्या) पर्यायाने सुरू केलं, मेमरीची पानं दोन्ही नोडवर सारखी वाटली गेली, स्वॅप थांबलं. ५.७ मध्ये यासाठी इनोडीबीचं स्वतःचं सेटिंग आलं आहे.

इतकं करूनही महिन्याचा मोठा रिपोर्ट जिथल्या तिथे राहिला. ५.५ मध्ये एक क्वेरी एकाच थ्रेडवर चालते, बाजूचे १५ कोअर मोकळे असले तरी तिला त्यांचा उपयोग नाही. शेवटी तो रिपोर्ट तारखांप्रमाणे तोडला, प्रत्येक तुकडा वेगळ्या कनेक्शनवर एकाच वेळी चालवला आणि बेरजा ॲप्लिकेशनमध्ये केल्या.