पूजेची रात्र आणि बेंजो पार्टी

मुंबईत ना. म. जोशी मार्गावरच्या आमच्या बीडीडी चाळीत 26 जानेवारीला सकाळी झेंडावंदन आणि संध्याकाळी सार्वजनिक सत्यनारायण, हे ठरलेलं. कार्यकर्ते आधीपासूनच पावतीपुस्तकं घेऊन दारोदार फिरायचे. एका चाळीत 80 खोल्या, एकेक खोली 160 चौरस फुटांची. वर्गणी चुकवायची तर लपणार कुठे? दुपारी संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, मग बायकांचं हळदीकुंकू, मग पोरांची वेशभूषा स्पर्धा. त्यात किमान दोन शिवाजी महाराज आणि एक वासुदेव असायचाच. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा. आमच्याकडे रवा अजून त्यातल्याच एका डब्यात असतो.

खरी ओढ रात्रीच्या कार्यक्रमाची. चाळीत कोकणातली माणसं भरपूर, त्यामुळे भजनाची डबलबारी ठेवली की पटांगणात पाय ठेवायला जागा नसायची. दोन बुवा समोरासमोर. एकाने कोडं टाकायचं, दुसऱ्याने आपल्या बारीत त्याची परतफेड करायची, आणि वर पखवाज-झांजांचा दणका. कधी नमन, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, कधी पडद्यावर सिनेमा. पैसे बरे जमले तर ऑर्केस्ट्रा. ऑर्केस्ट्राचं मला कधीच कौतुक नव्हतं. प्रत्येक गायक दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात गायचा आणि निवेदक गेल्या वर्षीचेच विनोद सांगायचा.

एका वर्षी वर्गणी फारच कमी जमली. गिरण्या बंद पडलेल्या, घराघरांत ओढाताण. खजिनदार काका म्हणाले, "ह्या टायमाला बेंजो बसवूया." आम्ही पोरींनी नाकं मुरडली. बेंजो विसर्जनाला असतो, वरातीत असतो; ट्रॉलीवर स्पीकर, मागे जनरेटरची घरघर, आणि ढोल-ताशात चाल अशी बुडालेली की नाचणाऱ्यालाही ठेकाच तेवढा कळतो. तो बसून ऐकायचा? आजी म्हणाली, "कानात कापूस घालून बसतंय मी."

शिवडीकडची पोरं आली. एकसारखे टी-शर्ट, पायांत चपला. दिवसा कुणी कुरियर वाटायचा, कुणी बापाच्या गाडीवर भाजी विकायचा. स्टेज म्हणजे बाकडी जोडून वर टाकलेली सतरंजी. बीडीडीला गॅलरी नाही, मधून पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या, म्हणून थोडी माणसं खाली खुर्च्यांवर आणि उरलेली चाळ खिडक्यांत.

मी अगदी पुढे बसले होते. एवढी वर्षं ज्याच्या मागे नाचलो ते वाद्य पहिल्यांदा धड बघितलं. आपला बेंजो म्हणजे खरं तर बुलबुल तरंग, तारांचा आवाज पकडणारा पिकअप बसवून अँप्लिफायरला जोडलेला. लांबट पेटी, वर तारा, तारांवर बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने तारा छेडायच्या. याचा पूर्वज जपानचा, हे मला फार नंतर कळलं. नागोया शहरात मोरिता गोरो यांनी 1912 साली टाइपरायटरसारखी बटणं लावून तैशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, आणि तेच पुढे आपल्याकडे बुलबुल तरंग झालं. नागोयाहून निघालेलं वाद्य लालबाग-परळच्या मिरवणुकीत इतकं मुरलं की त्याला परकं म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

आधी गणेशवंदना झाली, मग कोळीगीतं. आणि मग त्या किडकिडीत पोराने एक जुनी लावणी घेतली. मिरवणुकीत मुखडा तेवढा वाजतो, त्याचाच घोळ चालतो. इथे त्याने अंतरेही सगळे वाजवले. या तारेचा स्वर चटकन विझतो, तो टिकवायचा तर उजवा हात सारखा हलता ठेवावा लागतो. बटणांमुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणंही सहज येत नाही. पण पठ्ठ्या शेजारशेजारच्या बटणांवरून बोटं अशी घसरवायचा की गाणारी बाई लाडात येऊन शब्द ओढतेय असं वाटावं. ढोलकीवाला त्याच्याकडे बघत बघत मागे राहायचा आणि समेवर नेमका गाठायचा. ताशेवाल्याने तेवढ्यापुरत्या काड्या खाली ठेवल्या होत्या. अशी समज मी मोठ्या नावाच्या वादकांतही नेहमी बघितलेली नाही.

काकांचं लक्ष घड्याळावर. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ला स्पीकर बंद. राज्य सरकार सणांसाठी वर्षातले 15 दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकतं, पण आमच्या पूजेला ती कुठली मिळायला. "पोरांनो, बंद करा आता!" स्पीकर बंद झाला. खिडकीतून आजी ओरडली, "अरे, तेचा गाणा पुरा होऊ देत!" कापूस बहुधा लावणीतच निघाला होता. मग त्यांनी उरलेलं गाणं विनास्पीकर वाजवलं आणि आम्ही खुर्च्या ओढत स्टेजला खेटलो.

पुढच्या वर्षीच्या मीटिंगमध्ये ऑर्केस्ट्राचा विषय निघाला तेव्हा बायकांनीच तो हाणून पाडला. सुपारी शिवडीच्या पोरांना. तेव्हापासून गणपतीतही मी त्यांच्या ट्रॉलीमागे चालते, आणि ढोल-ताशाच्या गदारोळात तो बेंजो मला स्वच्छ ऐकू येतो. भाऊ म्हणतो, भास आहे. असू दे.

पुनर्विकासासाठी चाळ रिकामी झाली, माणसं पांगली. मंडळ आता भाड्याच्या हॉलमध्ये पूजा घालतं. पार्टी तीच आहे, फक्त त्यांनी ऑक्टोपॅड, म्हणजे काड्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड घेतलाय आणि एक कीबोर्डवाला आणलाय. तो जरा जास्तच वाजवतो, बेंजोवर चढतो. मी त्याला हे दरवर्षी तोंडावर सांगते, तो "हो ताई, हो ताई" म्हणतो आणि पुढच्या गाण्याला आवाज आणखी वाढवतो.