एक ओळ सोडून

काल दुपारी जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात फोन. रविवारी प्रार्थना तुम्ही सांगा. म्हटलं, सांगतो, पण शेवटची ओळ सोडून. पलीकडे दोन सेकंद शांतता, मग काळजीने, 'घसा बसलाय का?' म्हटलं, नाही हो, घसा ठणठणीत आहे.

तर ही ओळ म्हणजे जे मानत नाहीत त्यांचं वाटोळं होवो अशा अर्थाची. ती आली की मी गप्प, बाकी सगळं अगदी मनापासून म्हणतो, चाल तर मला फारच आवडते. गर्दीत कोणाला कळत नाही म्हणून आजवर निभावलं. माईकसमोर कसं निभावणार!

लहानपणी आमच्यातल्याच एका मुलाने भर वर्गात विचारलं होतं, देवाला सगळं आधीच माहीत असतं तर मग मागायचं कशाला? त्याला कोणी मारलं नाही, ओरडलंही नाही. फक्त पुढच्या प्रार्थनेला त्याची आई येऊन बसली तेव्हा शेजारच्या बाईने पदर आवरला आणि ती जराशी सरकली, इंचभरच. मग तिच्या पलीकडची सरकली. ती माउली मान खाली घालून बोटातली अंगठी फिरवत बसली होती. मुलाने पुन्हा काही विचारलं नाही.

स्पिनोझा नावाच्या तत्त्वज्ञाला १६५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने बाहेर काढलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता, आणि हुकूम असा की कोणी त्याच्या चार हातांच्या आत जायचं नाही, त्याने लिहिलेलं वाचायचं नाही. निदान अंतर तरी स्पष्ट सांगितलं! नंतर पठ्ठ्याने भिंगं घासून पोट भरलं, पण दुसऱ्या कुठल्या धर्मात काही गेला नाही. गॅलिलिओने १६३३ मध्ये गुडघे टेकून पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे म्हणणं मागे घेतलं, सत्तरीला आलेला माणूस, त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

पटत नाही तर सोडून जा ना, असं तरुण मंडळी सहज म्हणतात. पण रात्री-अपरात्री दवाखान्यात उशाशी बसायला हीच माणसं येतात हो, आणि येताना ती ओळ म्हणतोस का असं विचारत नाहीत.

खरी भीती वेगळीच आहे. हल्ली ती ओळ जवळ आली की ओठ आपोआप मिटतात, डोक्यात काही विचार नसतो, बऱ्याचदा घरी जाऊन जेवायला काय असेल हेच चाललेलं असतं. म्हणजे गप्प बसणंही पाठच झालं म्हणायचं.