जर्मनीतली ‘गेवाक्स्ट’ पाटी आणि आटपाडीचं डाळिंब

इथे जर्मनीत संत्र्या-लिंबांच्या खोक्यावर दर आणि देशाच्या जोडीला एक शब्द छापलेला असतो: ‘गेवाक्स्ट’, म्हणजे मेण लावलेलं. लावलं असेल तर सांगायचं, ही कायद्याची सक्ती आहे. गिऱ्हाईकही ते वाचतं. साल किसून केकात घालायची असेल तर बिनमेणाचं लिंबू घेतं. नियम आपल्याकडेही आहे. ताज्या फळाला मधमाशीचं मेण, कार्नोबा (एका ताडाच्या पानांचं) मेण आणि शेलॅक चालतं, पण मेणाचं नाव लेबलवर हवं. सांगलीच्या फळ मार्केटात ती पाटी मला कधी दिसली नाही. पाटी नाही म्हणून मग सफरचंद नखानं खरवडून ‘विष, विष’ ओरडणारे व्हिडिओ फिरतात, आणि त्यात नीट काम करणारा बागायतदारही भरडला जातो. सफरचंदाला स्वतःचं मेण असतं. पॅकहाऊसमध्ये धुताना ते निघतं, म्हणून वरून पातळ थर देतात.

जर्मनीतल्या फळांवरचं शेलॅक म्हणजे आपलीच लाख. झारखंडच्या कुसुम-पळसावरचा किडा ती तयार करतो, आणि राँचीजवळ 1924 पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. तेव्हा हे तंत्र परकं समजायचं कारण नाही. आपलं अडतं ते वापरात.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो ‘लेप म्हणजे चकाकी’ या समजुतीनं. लेपाची कामं दोन, आणि प्रत्येक लेप दोन्ही सारखी करत नाही. मेण पाणी अडवतं, फळ सुरकुतत नाही. गोंदाच्या जातीचे लेप, म्हणजे सीएमसी (वनस्पतींच्या सेल्युलोजपासूनची पूड), अल्जिनेट (समुद्री शेवाळातलं), कायटोसान (कोळंबीच्या कवचातलं), पाण्याला फारसे अडवत नाहीत. ते प्राणवायू अडवतात, त्यामुळे पिकणं लांबतं. शेलॅक चकाकी भरपूर देतं, पण हवाही दाबून धरतं. थर जाड झाला की फळाचा श्वास कोंडतो, आत मद्यार्क साठतो आणि कापल्यावर आंबूस वास येतो. बाहेरून फळ आरशासारखं, आतून वाया. गरम खोलीत हे लवकर होतं, कारण उष्णतेनं श्वसन वाढतं आणि हवा मात्र तेवढीच मिळते. कार्नोबाची चकाकी कमी, पण त्यातून हवा बरी खेळते. आटपाडी, जतच्या डाळिंबाला म्हणूनच मी कार्नोबाच सुचवेन.

डाळिंब तोडल्यावर पिकत नाही. त्यामुळे पिकणं लांबवण्याचा प्रश्नच नाही, फक्त साल वाळू द्यायची नाही. कच्चं तोडलेलं फळ लेपानं गोड होणार नाही. एक लिटर पाण्यात 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट 2 मिली घातलं की 100 पीपीएम क्लोरीन मिळतं. त्यात धुवा, साध्या पाण्यानं खळबळून घ्या आणि पूर्ण सुकवा. ओल्या सालीवर मेणाचं इमल्शन, म्हणजे पाण्यात घुसळून एकजीव केलेलं मेण, पातळ होतं आणि डाग धरतं. खाण्यायोग्य दर्जाचं तयार इमल्शन मऊ ब्रशच्या रोलरवर फवारा. टनाला साधारण एक लिटर. मेणबत्तीचं पॅराफिन वितळवून लावायचा विचारही नको. फळ इमल्शनात बुडवू नका. मुकुटात पाणी साचतं आणि करडी बुरशी तिथूनच सुरू होते. मुकुटातले वाळके पुंकेसर आधीच काढले तर आणखी बरं. नंतर पंख्याखाली कोरडं करून 5 ते 7 अंशांत, 90 टक्क्यांवर आर्द्रतेत ठेवा. 5 अंशांखाली गेलं की थंडीची इजा होऊन साल तपकिरी पडते, आणि तिथे कुठलाच लेप वाचवत नाही. शेलॅक लावलेलं फळ थंडीतून एकदम उन्हात काढलं तर घाम सुटून थर पांढुरका पडतो, हेही ध्यानात असू द्या.

पेरूचं उलट. तो तोडल्यावरही पिकतो, म्हणून गोंदाचा लेप कामाचा. खाण्याच्या दर्जाची सीएमसी 10 ग्रॅम, लिटरभर 70-80 अंशांच्या पाण्यात चिमूट चिमूट सोडत ढवळायची; एकदम ओतली तर गाठी होतात. 5 मिली ग्लिसरीन घालायचं, नाहीतर थर वाळून तडकतो. गार झाल्यावर मलमलीतून गाळून पेरू मिनिटभर बुडवायचे आणि जाळीवर सुकवायचे.

तासगावच्या द्राक्षाला मात्र यातलं काहीही लावू नका. मण्यावरची पांढुरकी झाक हेच त्याचं मेण, आणि मार्चमध्ये इथल्या दुकानात आपली द्राक्षं दिसतात ती त्या झाकेसकट. बोट न लावता घड हाताळणारे आपले मजूर इथल्या कुणाहून कमी नाहीत. बुरशीसाठी पेटीत सल्फर डायऑक्साइडचा कागद असतोच. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही भिजवायची नसते. तिला शीतसाखळी लागते. इथे ती सहज मिळते, म्हणून इथल्यांना लेपावर नाक मुरडणं परवडतं. एप्रिलच्या उन्हात वाशीला जाणाऱ्या ट्रकसाठी तो निकष लावणं मला अन्यायाचं वाटतं.

लेप जमला की नाही, ते वजनकाटा सांगतो. दहा डाळिंबं लेपाची, दहा बिनलेपाची, प्रत्येकावर आकडा, एकाच खोलीत. दर तिसऱ्या दिवशी वजन लिहा. घट 5 टक्क्यांच्या आसपास गेली की साल आक्रसलेली दिसू लागते. आणि दर आठवड्याला दोन्हीतलं एकेक कापून आधी वास घ्या, मग दाणे चाखा.