यंदा किती?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. ऑगस्ट संपत आला की कोल्हापूरहून आतेभावाचा फोन येतो, "काय भावा, यंदा तुझी तांबडी टीम किती मारणार?" म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ मोसमातल्या बारापैकी किती सामने जिंकणार. मग इकडे अमेरिकेत, ओमाहा शहरातल्या गणपतीत, आरती झाल्यावर प्रसादाची वाटी हातात असताना कुणीतरी हेच विचारतं. मी टाळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. पोरं कोवळी आहेत, संघ नव्याने बांधायचं काम चाललंय, मग एवढी आस धरून बसताच कशाला? आणि आस नसेल तर दरवर्षी तिकिटं कशाला काढता?

दोन्ही प्रश्नांनी मी वैतागतो. एकदा सगळं सांगून टाकतो.

मी लिंकनला, नेब्रास्का विद्यापीठात शिकायला आलो ते १९९७ च्या ऑगस्टमध्ये. प्रशिक्षक टॉम ऑस्बॉर्न यांचा तो पंचविसावा आणि शेवटचा मोसम. त्या वर्षी संघ एकही सामना हरला नाही. ऑस्बॉर्न यांच्या पंचवीस वर्षांत एकाही मोसमात नवापेक्षा कमी विजय नव्हते. मंगळवार पेठेतून आलेल्या मला हे सगळं नवं होतं, पण परकं नव्हतं. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पेठेच्या फुटबॉल संघासाठी घसा बसवलेल्या माणसाला लाल कपड्यातली गर्दी समजावून सांगावी लागत नाही. खेळ वेगळा, एवढंच. इथलं मेमोरियल स्टेडियम १९६२ च्या नोव्हेंबरपासून, कोरोनाचं वर्ष सोडलं तर, प्रत्येक सामन्याला पूर्ण विकलं गेलंय. दारावर कोरलंय की या दारांतून कॉलेज फुटबॉलचे सर्वांत थोर प्रेक्षक आत जातात. मी ते वाक्य खरं मानलं. अजूनही मानतो, पण पूर्वीसारखं डोळे मिटून नाही.

कारण २००३ साली नऊ जिंकून तीन हरलेल्या प्रशिक्षकाला काढलं, तेव्हा मी खूश झालो होतो. २०१४ मध्ये पुन्हा तेच झालं. नऊ विजय, तीन पराभव, आणि नारळ. तेव्हाही मी म्हणालो, बरं झालं. नऊ म्हणजे कमीच, असं मी ओमाहातल्या मित्रांना ठासून सांगायचो. तेव्हाचा मी आज भेटला तर त्याला हात जोडून विचारीन की बाबा, नऊ कमी कसे? त्याच्याकडेही उत्तर होतं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. त्या नवांत मोठ्या संघांकडून झालेले दारुण पराभव झाकले जायचे. पण २०१७ ते २०२३ या सात मोसमांत आम्ही सहा विजयांपर्यंत एकदाही पोचलो नाही. बारापैकी सहा जिंकले की वर्षाअखेरचा 'बोल' नावाचा जादा सामना मिळतो. तेवढेसुद्धा नाहीत. २०२१ मध्ये नऊ सामने हरलो आणि नवाच्या नऊ पराभवांत फरक एक आकडी होता.

मी पोटासाठी संख्याशास्त्र शिकवतो, पहिल्या वर्षाच्या मुलांना. बारा सामन्यांचा नमुना फार लहान. तीन-चार गुणांनी लागणाऱ्या निकालात नशिबाचा वाटा मोठा असतो आणि असं नशीब एरवी पुढच्या वर्षी टिकत नाही. हे मी फळ्यावर नाणेफेकीचं उदाहरण देऊन सांगतो. मला ते पटलेलं आहे. शनिवारी मात्र पटत नाही.

आता तो दिवस. २४ नोव्हेंबर २०२३, थँक्सगिव्हिंग सणाचा दुसरा दिवस, समोर शेजारच्या राज्याचा आयोवा. नवे प्रशिक्षक मॅट रूल यांचं पहिलं वर्ष. पाच जिंकून तीन हरलेलो असताना सहाव्या विजयासाठी चार संधी होत्या, त्यांतल्या तीन गेल्या, तीन गुणांनी, तीन गुणांनी, मग जादा वेळेत सात गुणांनी. ही चौथी. दहा-दहा बरोबरी आणि शेवटचा अर्धा मिनिट. आयोवाने फेकलेला चेंडू आमच्या पोराने झेलला. माझ्या शेजारची म्हातारी बाई, जिच्याशी वीस वर्षांत हवापाण्यापलीकडे बोललो नव्हतो, तिने माझा कोपर घट्ट धरला. लगेच आम्हीही चेंडू फेकला आणि तो आयोवाच्या हातात गेला. पंधरा-एक सेकंद उरले होते. त्यांची एक लांब धाव, मग शेवटच्या क्षणी ३८ यार्डांवरून मारलेली किक. १३-१०. म्हातारीने कोपर सोडला. थंडीने बधिर झालेल्या तोंडातून मी त्या फेकणाऱ्या मुलाबद्दल जे बोललो ते इथे लिहीत नाही. मराठीत बोललो, म्हणून कुणाला कळलं नाही.

एवढंच असतं तर सांगायची गरज नव्हती.

सोमवारी तास होता. माझ्या वर्गात त्या वर्षी संघातला एक मुलगा होता. वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःची फी भरून संघात आलेला. इथली ही जुनी रीत. शेतावरची पोरं येतात, पहिलं वर्ष रेडशर्ट म्हणून नुसता सराव करतात, दोन-तीन वर्षं घाम गाळतात आणि शेवटी कधीतरी मैदानात उतरतात. हा राज्याच्या पश्चिम टोकाचा, धिप्पाड, अबोल. त्या मोसमात एक क्षणही खेळला नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं पांढऱ्या पट्टीने एकत्र बांधलेली, त्यामुळे पेन्सिल अंगठा आणि करंगळीशेजारच्या बोटात धरून लिहायचा, अक्षर पहिलीतल्या मुलासारखं यायचं. तास संपल्यावर टेबलापाशी आला. गृहपाठ रविवारी रात्रीपर्यंत द्यायचा होता. शुक्रवारच्या सामन्यामुळे सणाला घरी जाता आलं नाही, म्हणून शनिवारी गेलो, सहा तासांचा रस्ता, रविवारी रात्री परत आलो. दोन दिवस मिळतील का?

मी म्हणालो, "तारीख तुला तीन आठवड्यांपासून माहीत होती."

तो "येस सर" म्हणाला आणि गेला. दुपारी एका मुलीची मेल आली, गाडी बंद पडली, उशीर होईल. मी तिला बुधवारपर्यंत मुदत दिली. लिहिताना मला काहीही वाटलं नाही.

डिसेंबरात गुण भरताना दोघांची नावं यादीत एकाखाली एक आली. एकाच्या पुढे शून्य, एकीच्या पुढे अठरा. तेव्हा कळलं मी काय केलं ते. त्याला मी शुक्रवारची शिक्षा दिली होती. जो मैदानात नव्हता त्याला. मी पुरावा शोधत बसलो की तसं नाही, मुलीची अडचण अचानक आली, त्याला आधी माहीत होतं, वगैरे. एकही कारण टिकलं नाही. त्याला मेल करून माफी मागितली, गृहपाठ मागवला, गुण दिले. "थँक यू, सर" एवढं उत्तर आलं. पुढच्या हिवाळ्यात तो संघातून गेला असं ऐकलं. का, ते विचारायचा अधिकार मला आहे असं वाटलं नाही.

तुम्ही म्हणता, आता पोरांना पैसे मिळतात, मग प्रेक्षकांच्या शिव्या ऐकून घ्यायला काय हरकत? २०२१ पासून नाव आणि चेहरा वापरू देण्याचे पैसे खेळाडू घेऊ शकतात, हे खरं. मीही हेच बोलायचो. पण त्या मुलाने मला फीबद्दल काही सांगितलं नसलं तरी ती कोण भरत होतं हे मला माहीत होतं. आणि पैसे घेणारा तरी वयाने किती? माझ्या वर्गातल्या पोरांहून फार मोठा नाही.

तरीही आस सोडा म्हणू नका. तो उपदेश मला सहन होत नाही. "तरुण संघ आहे, धीर धरा" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कुणासाठी धरू? पूर्वी पहिल्या वर्षाचा पोरगा चुकला तरी तोच चौथ्या वर्षी डोळ्यांसमोर पिकायचा. आता ट्रान्सफर पोर्टलवर, म्हणजे विद्यापीठ बदलू बघणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकलं की पुढच्या मोसमात तो दुसऱ्या रंगाच्या जर्सीत. आतेभाव म्हणतो, आपल्याकडंपण तेच, पेठेच्या संघात परदेशी खेळाडू आलेत, पेठेचं पोरगं बाकावर. त्याला ते खुपतं आणि तोच खेळाडू गोल मारतो तेव्हा नाचतोही. मला दोन्ही समजतं. मुलांनी आपला फायदा बघावा हेही मला पटतं, प्रशिक्षक बघतातच. पण मग मी ज्याची वाट बघतोय ते नेमकं काय, हे मला सांगता येत नाही.

२०२४ मध्ये पहिल्या वर्षाचा मुलगा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, होता. सुरुवातीच्या सहापैकी पाच जिंकले आणि मी, सगळं कळूनसुद्धा, रात्री पडल्या पडल्या नऊ मोजले. पुढचा सामना इंडियानाकडून ५६-७. त्यानंतर आणखी तीन हरलो. शेवटी विस्कॉन्सिनला ४४-२५ हरवून सहावा आला, तेव्हा म्हातारीने पुन्हा माझा कोपर धरला आणि मी रडलो. सहा विजयांसाठी. २००३ मधला मी शेजारी बसला असता तर तोंड फिरवून उठून गेला असता. पुढच्याच आठवड्यात आयोवाने परत १३-१० ने हरवलं, पुन्हा शेवटच्या किकवर. त्या सोमवारी मी तासाला दहा मिनिटं उशिरा गेलो. मुद्दाम. बाहेर गाडीत बसून राहिलो.

तर, यंदा किती? संख्याशास्त्राचा शिक्षक म्हणून सांगायचं तर पाच ते आठ. तुम्हाला तेवढं पुरत नाही हे मला माहीत आहे, मलाही पुरत नाही. मनात आठच आहेत. तिकिटं काढली आहेत, म्हातारीच्या शेजारचीच. आणि पाच आले तर सोमवारी टेबलापाशी येणाऱ्या पोराशी मी कसा वागेन, याची खात्री मला अजून देता येत नाही.